तीन दोऱ्यांचा झोळ

बाहेर मार्चचं ऊन होतं आणि आत एकदम काळोख, त्यामुळे दारातून दोन पावलं आत टाकेपर्यंत गुलाब मूनला काहीच दिसलं नाही. हातात पिशवी होती. पिशवीत बायकोने, पंचफुलाने, पोरीसाठी दिलेला डबा, आणि पोरीनेच सकाळी फोन करून मागवलेले बल्बचे दोन होल्डर. 'पौर्णिमा' अशी हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याच्या मानेला, कॉलरच्या जरा वर, काहीतरी आडवं लागलं. बारीक, ताणलेलं, किंचित थरथरणारं. त्याने वर पाहिलं. काळोखात तीन पांढऱ्या रेघा एकीशेजारी एक लांबवर गेल्या होत्या, मधोमध खाली झुकल्या होत्या आणि पेटल्यासारख्या दिसत होत्या. पुढचं जे झालं ते त्याच्या अंगाने केलं. त्याला विचारलंही नाही. तो मागे उडाला. पिशवी सुटली, डबा खणकन फरशीवर पडला, हात काहीतरी झटकायला वर गेला आणि त्या हातात दोरा गुंतला. भिंतीतले खिळे टपाटप निघाले. पलीकडे एक बांबू कलला, त्याने दुसऱ्याला ओढलं, आणि त्या तिन्ही रेघा विझल्यासारख्या होऊन जमिनीवर गोळा झाल्या.

पौर्णिमा शिडीच्या घोड्यावर चढलेली होती, दातांत दोऱ्याचं टोक धरून; अजून वर न बांधलेला तोच दोरा दारापाशी गुलाबच्या मानेला लागला होता. चित्रकला महाविद्यालयाचं तिचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या मागच्या अंगाला जुन्या सामानाची एक लांबट खोली होती, ती तिने मागून घेतली होती. खिडक्यांना काळा कागद लावला, आठ बांबू उभे केले, गादीवाल्याकडून जाड सुती दोरा आणला आणि पंधरा दिवस ती त्या खोलीत घुसून राहिली. उद्या दुपारी चार वाजता नागपूरचे परीक्षक येणार होते. ती खाली उतरली, तोंडातला दोरा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडली.

"बाबा, दिसत नाई का तुमाले!"

गुलाब बाहेरच्या व्हरांड्यात आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. ऊन पांढरं होतं. समोर दोन पोरी मातीचा कसलासा पुतळा ओल्या गोणपाटात गुंडाळून नेत होत्या आणि हसत होत्या. त्याला त्यांचं हसणं फार लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. मानेवर दोरा लागला होता तिथे अजून आग होत होती. तिथे काही नव्हतं, हे हात लावून पाहिलं तरी आग होतच होती.

पौर्णिमा मागोमाग आली ती भांडायलाच, पण त्याचा चेहरा पाहून तिचा राग उतरला. तिने आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. "काय झालं? बीपी वाढला का? आईले फोन करू?"

"नको. तिची ड्युटी हाय."

"मंग काय झालं?"

"मले वाटलं, चालू हाय."

"काय चालू हाय?"

"लाईन."

ती हसली. "दोरा हाय तो, बाबा. गादी शिवाचा दोरा." मग तो हसत नाही हे पाहून तीही थांबली आणि त्याला घेऊन पायरीवर बसली.

वर्ध्यात वीज गेली की लोक म्हणतात लाईन गेली. गेली सहा वर्षं गुलाब हेच वाक्य दिवसाकाठी पन्नास वेळा ऐकत होता. तक्रार केंद्रात एक टेबल, एक फोन, एक जाड वही. नालवाडीतून कोणी म्हणे लाईन गेली, तो लिहून घेई. सेलूकडून कोणी म्हणे अर्धीच लाईन आहे, तो लिहून घेई आणि पोरांना पाठवी. घरी पंचफुलाला वाटे, गुडघा दुखतो म्हणून नवऱ्याने बसायचं काम मागून घेतलं. ती सावंगीच्या दवाखान्यात आया होती, गुडघ्याचं तेल तीच आणून देई, आणि तो ते चांगल्या गुडघ्याला मुकाट्याने चोळून घेई. त्याआधी बावीस वर्षं तो लाईनमन म्हणून विजेच्या खांबावर होता. खांबावर त्याला जे सुख मिळे ते त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं तर ते काहीच नव्हतं. वर गेलं की तुरीचं शेत वेगळं दिसायचं, एवढंच. खालून नुसती झाडं दिसत. वरून ओळी दिसत, आणि वारा कोणत्या ओळीतून चालला आहे तेही दिसे. बगळे पाठमोरे दिसत. खाली त्याचा जोडीदार कवडू मान वर करून उभा असे, हातात दोर, तोंडात तंबाखूचा खर्रा, आणि सारखा बोलत असे. त्याच्या भाचीचं लग्न, केळझरच्या जत्रेत हरवलेली चप्पल, साहेबाच्या बायकोने पाळलेला पोपट. बोलता बोलता नेमकं हवं तेच अवजार दोरीला बांधून वर पाठवी. पाना हवा असला तर पाना. गुलाबला मागावंसुद्धा लागत नसे.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मात्र वर कवडू होता. ऑगस्ट महिना. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने केळझरकडच्या तारांवर बाभळीची फांदी पडली होती. गुलाबने उपकेंद्राला फोन करून लाईन बंद करवून घेतली. तिकडून उत्तर आलं, बंद केली. नियम असा की तरीही तारांवर रॉड टाकायचा. एक लांब काठी, तिला साखळी, साखळीचं दुसरं टोक जमिनीत. म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसात न शिरता मातीत जाते. रॉड गाडीला बांधलेला होता. गाडी नाल्याच्या पलीकडे होती, मध्ये गुडघाभर चिखल. गुलाबच्या खांद्याला कळ लागली होती म्हणून कवडू म्हणाला, आज मी चढतो. गुलाबने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा चिखलाकडे पाहिलं आणि म्हणाला, बंद हाय, चढ. कोणाच्या तरी शेतातल्या जनरेटरची वीज उलटी फिरून त्या तारांत आली होती, हे नंतर चौकशीत कळलं. त्या क्षणी फक्त एक आवाज झाला, ओला कपडा दगडावर आपटल्यासारखा, आणि कवडू पट्ट्याला लोंबकळत राहिला. बोलणं बंद. गुलाबच्या आठवणीत ते सगळं त्या शांततेपासून सुरू होई. बावीस वर्षांत खांबापाशी एवढ्या शांततेत तो पहिल्यांदाच उभा होता.

कवडू जगला. डावा हात कोपराखालून काढावा लागला. चौकशीचे साहेब दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी गेले आणि त्यांनी विचारलं, रॉड टाकला होता का? कवडू म्हणाला, टाकला होता. कागदावर तसंच लिहिलं गेलं. गुलाबवर बोट उठलं नाही. हे त्याला ऑफिसात कळलं तेव्हा तो संडासात जाऊन बसला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. त्यानंतर तो कवडूला भेटला नव्हता.

यातलं काहीच त्याने पायरीवर बसून सांगितलं नाही. त्याने फक्त विचारलं, "किती दोरा उरला?"

"दोन रीळ. पण आता काय होते बाबा, दोन तास हाय. सहा वाजता शिपाई कुलूप लावते."

"होते."

तो उठला. दारापाशी गेला आणि थांबला. आत बांबू आडवेतिडवे पडले होते, दोऱ्याचा गुंता जमिनीवर होता आणि खिडकीच्या काळ्या कागदाला पाडलेल्या फटीतून उन्हाची एक पट्टी त्या गुंत्यावर पडली होती. आता त्याला समजलं. दिवा कुठे नव्हताच. पोरीने ऊन नेमकं दोऱ्यांच्या रेषेत घेतलं होतं, म्हणून ते पेटल्यासारखे दिसत होते; होल्डर तिला संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी हवे होते. समजलं तरी पाय आत जाईना. पौर्णिमाने ते पाहिलं. ती पुढे झाली, जमिनीवरचा दोरा उचलला, त्याच्यासमोर मुठीत धरला, मूठ उघडली, पुन्हा मिटली. लहान मुलाला औषध देताना आई आधी स्वतः जिभेवर लावून दाखवते तसं. गुलाबने हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू दोऱ्याला लावली. सुती होता. जरा खरखरीत. मग त्याने तो धरला.

दोघांनी मिळून बांबू उभे केले. खिळे ठोकणं, गाठ मारणं, घोडा सरकवणं. दोरा ओढायची वेळ आली तेव्हा गुलाबने रीळ तिच्या हातातून घेतलं. "असा नाई. तू एकेक ओढशीन तर तिन्ही येगयेगळ्या दिसतीन. इकडं ये. या बांबूपाशी उभी राह्य. एक डोळा बंद कर. तिन्ही दोरे एकात मिळाले पाह्यजे. मिळाले का?"

"मधला वर हाय."

"आता?"

"अजून थोडा. बस, बस. मिळाले!"

"याले झोळ पाह्यनं म्हनतात." त्याने गाठ आवळली. मग न राहवून विचारलं, "पन मधल्या टप्प्यात, या दोन बांबूंमधी, जास्त झोळ काऊन ठेवला होता तू? पडला तेव्हा पाह्यलं मी."

"उन्हाळा हाय ना. उन्हाळ्यात तारा खाली येतात."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. लहानपणी तुमच्या गाडीवर मागं बसून जात होती ना मी. मान वर करून पाह्यत राहायची. तार खाली खाली खाली येते, मंग खांब आला का एकदम वर जाते. मले वाटे, आता खाली पडन, आता पडन. अन् तितक्यात खांब येई." ती गाठ दातांनी तोडत म्हणाली, "सर म्हनत होते, सुतावर काही कर, इथं चरख्याचं, सुताचं लय हाय. मी म्हनलं, माह्या घरी तर तारा होत्या."

गुलाब घोड्यावर चढलेला होता. खाली पोरगी मान वर करून उभी होती, हातात रीळ. तो तिच्याकडे पाहत राहिला. ती मागे बसलेली असताना तो गाडी चालवी तेव्हा त्याची नजर रस्त्यावर असे, पाठीला तिचं डोकं टेकलेलं असे, आणि त्याला नेहमी वाटे की पोरगी झोपली आहे. म्हणून तो हळू चालवी. ती झोपली नव्हतीच. घोड्यावरून न उतरताच, दोरा खिळ्याला गुंडाळत, तिच्याकडे न पाहता, त्याने सगळं सांगितलं. नाला, चिखल, रॉड. 'बंद हाय, चढ' हे शब्दही. कवडूने साहेबांना सांगितलेलं खोटंही. उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकत दारापर्यंत गेली होती. बोलून झाल्यावर तो पुढच्या खिळ्याकडे वळला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

पौर्णिमा रीळ उलगडत राहिली. मग तिने विचारलं, "कवडूकाका कुठी राह्यतात आता?"

"केळझरलेच."

"तुमी गेलते का कधी?"

"नाई."

"सहा वर्षांत?"

"नाई."

तिने त्याला समजावलं नाही की ठपकाही ठेवला नाही. फक्त पुढचं टोक वर दिलं. "धरा. हा शेवटचा."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. गुलाब अर्धी रजा टाकून बाहेर लिंबाखाली उभा होता. परीक्षक एकदा दोऱ्यांखालून गेले, बाहेर येऊन चष्मा पुसला, आणि पुन्हा एकदा गेले. त्यांनी विचारलं, मधला टप्पा खाली आलाय, तो मुद्दाम का? पौर्णिमा म्हणाली, हो सर, उन्हाळा आहे. एवढं त्याला बाहेर ऐकू आलं. ते गेल्यावर तिचे सर तिची पाठ थोपटून गेले. मग तिने त्याला दारावरचा कागद दाखवला. कामाच्या नावाखाली तिचं नाव होतं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात: दोरे ओढले – गुलाब मून, लाईनमन. तो म्हणाला, हे काऊन लिहिलं. ती म्हणाली, ओढले नाई का मंग. आणि लगेच, दुसरीकडे पाहत: "रविवारी पाच वाजेपर्यंत सर्वांसाठी खुलं हाय. केळझर काही लय लांब नाई."

रविवारी गुलाब गाडीवर निघाला तेव्हा पंचफुलाने विचारलं, कुठी? तो म्हणाला, कवडूकडे. तिच्या हातात भाजीची जुडी होती, ती तशीच राहिली. "जा," ती म्हणाली. "जय भीम सांगजो त्याले." रस्ताभर त्याने काय बोलायचं ते जुळवलं आणि केळझरला गणपतीच्या टेकडीखाली पोचेपर्यंत त्यातलं एकही वाक्य उरलं नाही. पायथ्याशी फुलं-नारळाचं छोटं दुकान होतं. दुकानात कवडूची बायको रुख्माबाई हार ओवत बसली होती. तिने मान वर केली, ओळखलं आणि सुई थांबवली नाही.

"आठवन आली का, गुलाबभाऊ?"

गुलाबने गाडी स्टँडवर लावली. आतून कवडू आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, शर्टाची डावी बाही कोपरापाशी दुमडून टाचलेली. तो गुलाबकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात राग, हसू, काय होतं ते गुलाबला कळेना.

"माह्या पोरीनं कॉलेजात काहीतरी केलं हाय," गुलाब म्हणाला. "आज शेवटचा दिवस हाय. तू येतं का पाह्याले?"

"पौर्णिमानं? ती एवढीशी होती, माह्या टोपीत बोरं घेऊन खाये?" कवडू बायकोकडे वळला. "माहा धुतलेला शर्ट कुठी हाय वो?"

गाडीवर कवडू बोलत राहिला. देवळातली गर्दी, दुकानावर बसणारं माकड, जावयाने घेतलेला ट्रॅक्टर. वारा अर्धं उडवून नेत होता आणि गुलाब उरलेल्या अर्ध्याला हुं म्हणत होता. सहा वर्षांत हे बोलणं कुठेच गेलं नव्हतं, रोज केळझरला चाललेलंच होतं, फक्त ऐकायला तो नव्हता. हे त्याच्या मनात आलं आणि त्याला समोरचा रस्ता जरा वेळ नीट दिसेना.

खोलीत शिरल्यावर मात्र कवडू गप्प झाला. चार वाजले होते, उन्हाची पट्टी नेमकी दोऱ्यांत आली होती. पौर्णिमाने हात जोडून "या काका" म्हटलं आणि ती बाजूला झाली. कवडूने मान वर केली. पहिल्या बांबूपासून शेवटच्यापर्यंत नजर नेली, परत आणली. "अबे," तो हळूच म्हणाला, "हे तर आपलंच फीडर हाय, आपलीच लाईन." मग तो दोऱ्यांखालून सावकाश चालत मधल्या टप्प्यापर्यंत गेला, जिथे झोळ सगळ्यात खाली होता, आणि उजवा हात उंच करून त्याने मधला दोरा सहज बोटाने छेडला. तिन्ही थरथरले. भिंतीवर उजेड हलला. गुलाब या वेळी जागचा हलला नाही. मग तोही आत गेला आणि त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"कवडू, त्या दिवशी रॉड..."

"माईत हाय मले. मी वरच होतो ना."

"मंग साहेबाले काऊन सांगतलं, टाकला म्हून?"

"मंग काय सांगू? तू मले खांद्यावर टाकून तो नाला पार केला. मले शुद्ध होती थोडी. तू रडून राह्यला होता अन् शिव्या देऊन राह्यला होता, मलेच. अशा मानसाचं नाव घेऊ?" कवडूने दोरा सोडला. "मले रॉडचा राग नाई, गुलाबभाऊ. चूक तर मीही केली, मले दिसत नोतं का रॉड नाई टाकला ते? मले राग दुसरा हाय."

"कोनता?"

"सतरा दिवस होतो मी दवाखान्यात. चार वाजता भेटाची वेळ. रोज चार वाजता मी दाराकडं तोंड करून बसो. सारे आले. तो पोपटवाला साहेबसुद्धा आला. तू आला नाई."

गुलाब दवाखान्याच्या गेटपर्यंत गेला होता. तीन वेळा, संत्री घेऊन. तिन्ही वेळा त्याने गाडी वळवली होती आणि संत्री नदीच्या पुलावर माकडांना टाकली होती. ते सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं; पण सतरा दिवस दाराकडे तोंड करून बसलेल्या माणसाला ते सांगून काय होणार होतं?

"चुकलो," तो म्हणाला.

"हो, चुकला," कवडू म्हणाला. आणि पौर्णिमाकडे वळून, एकदम मोठ्या आवाजात: "पोरी, हे कायले केलं वो तू?"

"आवडते म्हून, काका."

"मस्त झालं. फक्त बगळे नाई टाकले."

परत येईपर्यंत उन्हं कलली होती. गुलाब त्याला दुकानाशी सोडून निघणार होता, पण रुख्माबाई घराच्या दारात उभी होती. "गाडी बंद करा," ती म्हणाली. "सयपाक झाला हाय. तिघांचा केला." तिचा आवाज दुपारसारखाच कोरडा होता, पण आत तीन ताटं मांडलेली दिसत होती, भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. ती तांब्या घेऊन अंगणात आली. कवडूने हात पुढे केला. रुख्माबाईने त्याच्यावर पाणी घातलं आणि सवयीने साबण घ्यायला वाकली, तेवढ्यात गुलाबने साबण उचलला होता. तो कवडूसमोर उकिडवा बसला. एकटा हात स्वतःला धुऊ शकत नाही, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा चोळला, मग एकेक बोट, मग नखं. नखांत झेंडूचा पिवळा रंग होता, तो लवकर निघेना. कवडू माकडाची गोष्ट अर्धी राहिली होती ती पुढे सांगत होता. रुख्माबाई तांब्या कलता धरून उभी होती आणि पाणी बेताबेताने सोडत होती.